आरशापुढची ऊब

आमचे डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे कधीच बघत नसत, दातांकडे बघत. पहिल्या दिवशी त्यांनी मला बॉयलरचं बटण दाखवलं, मागच्या दाराची चावी कशी अडकते ते दाखवलं, आणि मी दोन वाक्यं बोलायला मास्क खाली ओढला तेवढ्यात म्हणाले, "वरची उजवीकडची अक्कलदाढ काढून टाक, पोरी. ती तुला दगा देणार." मी पटकन मास्क वर ओढला. नव्या घरात पाऊल टाकताना कानावर पडावं असं हे वाक्य नव्हतं. दाढेने पुढे खरंच दगा दिला, तो भाग वेगळा.

ही दोन हजार वीसच्या जुलैतली गोष्ट. आई फेब्रुवारीत अमरावतीहून तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनला माझा एका खोलीचा फ्लॅट. मी दिवसभर हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगा करायची आणि माझ्या मीटिंगमध्ये शिट्टी वाजू नये म्हणून आई कुकर बाजूला ठेवून वरण पातेल्यात शिजवायची. जून संपेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या जिवावर उठलो होतो. ऑफिसला जायचंच नाही तर डब्लिनला चिकटून कशाला राहायचं, असा विचार करून मी नास गावाच्या बाहेर शेतांमधली ही जागा शोधली. डॉक्टरांच्या घराला लागून दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक लांबट दगडी शेड. डॉक्टरांनी उभा जन्म नासमध्ये दातांचा दवाखाना चालवला आणि निवृत्त झाल्यावर त्या शेडमध्ये ते दुर्बिणी करायला लागले.

दुर्बिणी करतात म्हणजे हा माणूस रात्ररात्र आकाश बघत असणार असं मला वाटलं. तसं काहीच नव्हतं. आकाशाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं, आणि इथल्या ढगांनी कुणाला तसं वेड लागूही दिलं नसतं. त्यांचं वेड आरशाचं. दुर्बिणीच्या तोंडाशी भिंग बसवण्याऐवजी तळाशी खोलगट आरसा बसवायचा आणि त्याने प्रकाश गोळा करायचा, ही कल्पना ज्यांना पहिल्यांदा सुचली त्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल ते चुलत्यामावशांबद्दल बोलावं तसे बोलत. एक स्कॉटलंडचा मुलगा होता म्हणे. त्याने अख्खी दुर्बीण कागदावर काढली, ती घेऊन लंडनला गेला, पण तिथल्या एकाही कारागिराला त्याला हवा तसा आरसा घासून देता येईना. "शेवटी नाद सोडला बिचाऱ्याने. गुणी मुलगा. पण हाताने काम करायची सवय नव्हती." मग काही वर्षांनी केंब्रिजच्या एका गणितीने स्वतःच तांबं आणि कथील वितळवलं, पांढरेपणासाठी चिमूटभर सोमल घातला, आणि वीतभर लांबीची दुर्बीण करून दाखवली. "माणूस तुसडा. त्याच्याबरोबर चहा घेतला नसता मी. पण हात! हात दंतवैद्याचे होते त्याचे."

डॉक्टर स्वतः आरसे त्याच जुन्या पद्धतीने करत. काचेच्या आरशाचं नाव काढलं की त्यांना राग यायचा. "काच काय बघते? काच काहीच बघत नाही. तिच्यावर चांदी फासलेली असते, ती बघते. माझा आरसा आरपार आरसा आहे." दोन भाग तांबं आणि एक भाग कथील घेतलं की चांदीसारखा पांढरा, काचेसारखा ठिसूळ धातू तयार होतो. हा धातू ओतल्यावर भट्टीत कितीतरी दिवस हळूहळू निवू द्यावा लागतो, घाई केली तर तडकतो. एकदा आम्ही अंगणात चहा पीत असताना शेडमधून पिस्तुलाचा बार निघावा तसा आवाज आला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. संध्याकाळी त्यांनी तडकलेल्या आरशाचे दोन तुकडे शेडमागच्या मातीत पुरले. मी मदतीला गेले होते. मी एक तुकडा खड्ड्यात ठेवला तर त्यांनी खाली वाकून तो उलटा केला. घासायची बाजू त्यांनी मातीकडे केली.

"तोंड खाली करून ठेवायचा," ते म्हणाले. "वर तोंड करून पुरला तर बघत राहतो."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. असल्या बोलण्यावर मी एरवी हसले असते. पण डॉक्टर हे इतक्या साध्या सुरात म्हणाले, की मी शेडमागे पाहिलं. तिथे अशा बऱ्याच जागा होत्या, गवत थोडं वेगळं उगवलेल्या. त्यानंतर त्या बाजूला कपडे वाळत घालायला मी गेले नाही.

आईचं आणि त्यांचं मात्र जमलं. तिला इंग्रजी येईना, त्यांना मराठी. पण आईने त्यांच्याकडे वाटीभर काही पाठवलं की ते ती वाटी घासूनपुसून, तिच्यात सफरचंद किंवा दोन अंडी घालून परत करत. रिकामी वाटी परत करायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. आईने त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. शेडचं दार उघडं होतं. मधोमध एक लाकडी पिंप, पिंपावर धातूची चकती, तिच्यावर राळेचा थर दिलेली दुसरी चकती दोन्ही हातांनी धरून डॉक्टर पुढेमागे घासत होते आणि घासता घासता एकेक पाऊल सरकत पिंपाभोवती फिरत होते. सगळीकडून सारखं घासलं जावं म्हणून असं फिरावंच लागतं. पॉलिशसाठी लोखंडाची तांबडी भुकटी वापरतात, तिने त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"डॉक्टर काहून प्रदक्षिणा घालून राहिले?" आईने विचारलं.

"काम करतायत, आई."

"मंग हाताले शेंदूर कायचा?"

मी समजावून सांगितलं. तिने मान हलवली. पण तिची ती मान मला लहानपणापासून माहीत आहे. पटलं नाही तरी ती तशीच हलते.

शेडमध्ये आरसे दोन होते. एक पिंपावरचा, अर्धवट. दुसरा भिंतीला लागून उंच घडवंचीवर उभा, छोट्या ताटाएवढा, बोटभर जाड आणि पुरा झालेला. दोन ठेवायची रीत जुनी, डॉक्टर म्हणाले. आपल्या ओल्या हवेत हा धातू बघता बघता काळवंडतो, मग पुन्हा पॉलिश करावा लागतो. म्हणून इथल्या मध्य आयर्लंडच्या एका लॉर्डने टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, आगीवर पुरुषभर उंचीचे आरसे ओतले तेव्हाही दोन ओतले. एक दुर्बिणीत बघायला, एक घासायला. "आरसा कधी दिसायचा नसतो, पोरी. त्याच्यात आहे ते दिसायचं. आरसाच दिसायला लागला की समज तो मेला." हे वाक्य त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल.

मला खटकत होतं ते एवढंच, की भिंतीजवळचा आरसा मरायला टेकला होता आणि डॉक्टर त्याला हात लावत नव्हते. जुलैत त्याच्यात माझा चेहरा दिसत होता, थोडा पिवळट. सप्टेंबरात चेहऱ्यावर शेवाळासारखे डाग दिसायला लागले. ऑक्टोबरात कडेने तो तपकिरी झाला. डॉक्टर दिवसभर दुसऱ्या आरशाभोवती फिरत आणि अंधार पडायला लागला, की या काळवंडलेल्या आरशासमोर आठ-नऊ फुटांवर स्टूल टाकून, एक छोटा दिवा लावून, शेडचं दार बंद करून बसत. आत हीटर नव्हता. कोट, मफलर, हातमोजे घालून हा माणूस तासभर तिथे काय करतो, हे कोडं मला सुटेना. शेवटी एका संध्याकाळी मी सरळ दार वाजवून आत गेले. ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं होतं. एकट्या माणसाला दुसऱ्या एका घराशी बबल करायची परवानगी होती आणि त्यांचा बबल आम्ही होतो.

"याला का घासत नाही?" मी विचारलं.

"बस," ते म्हणाले. "आधी बघ."

दिव्यापुढे पत्र्याचा तुकडा होता, पत्र्याला सुईने पाडलेलं भोक. भोकातून निघालेला प्रकाश आरशावर जाऊन परत येत होता आणि जिथे तो एका बिंदूत गोळा होत होता तिथे दाढीचं ब्लेड उभं बसवलं होतं. ही युक्ती नंतरची, एका फ्रेंच माणसाची, असं डॉक्टरांनी जरा नाराजीनेच सांगितलं. ब्लेडच्या कडेला डोळा लावायचा. मी लावला. समोरचा आरसा नाहीसा झाला आणि त्या जागी अंधारात एक करडा चंद्र तरंगायला लागला. त्याच्यावर उंचसखल सावल्या. आरशातली केसाएवढीही चूक इथे डोंगरासारखी दिसते. टेस्टर म्हणून मला हे फारच आवडलं.

"आता जाऊन आरशापुढे हात धर," डॉक्टर म्हणाले, मग मला बघत राहायला सांगून स्वतःच पुढे गेले आणि त्यांनी हातमोजा काढून आपला तळवा आरशापुढे धरला. पाची बोटांतून धूर निघाला. खरोखर, बोटं विझवलेल्या उदबत्त्यांसारखी धुमसत होती आणि तो धूर संथपणे वर चढत होता. अंगाची ऊब, त्यांनी सांगितलं. गरम हवा वर जाते, ती एरवी दिसत नाही, इथे दिसते. जिवंत माणूस आरशासमोर आला की असा धुमसतो. त्यांनी हात काढला. धूर विरला.

"गेला?"

"गेला," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "नाही."

डाव्या बाजूला अजून होता. बोटांचा नव्हे, रुंद. चंद्राच्या डाव्या कडेला खालून वर, अगदी सावकाश, माणसाच्या अंगाची असावी तशी ऊब चढत होती. डॉक्टर केव्हाच बाजूला होऊन माझ्या मागे येऊन उभे होते. समोर कुणी नव्हतं.

"ती नेहमी डावीकडे उभी राहायची," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोबद्दल मला एवढंच माहीत होतं, की ती एप्रिलमध्ये कोविडने गेली. त्या संध्याकाळी त्यांनी बाकीचं सांगितलं. ती रोज या वेळेला चहाचा मग घेऊन शेडमध्ये यायची, आरशाच्या डाव्या हाताला उभी राहायची आणि तपासणी चालू असताना मुद्दाम तळवा पुढे करायची, त्यांना चिडवायला. भिंतीजवळचा आरसा ज्या आठवड्यात पुरा झाला त्याच आठवड्यात तिला ॲम्ब्युलन्सने नेलं. डॉक्टरांना आत सोडलं नाही. नंतर फोन आला. तिला घरी आणता आलं नाही. शवपेटी बंद, परस्पर दफनभूमीत, मोजकी माणसं, शेजारी रस्त्याच्या कडेला अंतराअंतरावर उभे. या देशात माणूस गेलं की वेक करतात, म्हणजे त्याला घरी ठेवतात, गावभरची माणसं येऊन चहा-सँडविच घेतात, घरातले आरसे झाकतात. त्यांच्या घरी यातलं काही झालं नाही. आरसे झाकायचं त्यांना सुचलंच नाही, आणि हा शेडमधला नवाकोरा आरसा तर त्या आठवड्यात उघडाच होता.

"तिचं काही तरी याच्यात राहिलं," डॉक्टर म्हणाले. "वरच्या थरात. पॉलिश म्हणजे काय असतं? वरचा थर खरवडणं. मी याला हात लावला तर ती गेली. नाही लावला तर हा काळा पडणार, मग दिसायचंच बंद होईल. ख्रिसमसपर्यंत टिकेल, फार तर."

एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि या खेपेला दातांकडे नाही.

मी माझ्या स्वभावाला जागले. दुसऱ्या दिवशी दाराखालची फट टॉवेलने बंद केली. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जातो का ते पाहिलं, जात नव्हता. दिवा बदलला. स्टुलावर मी बसले आणि डॉक्टरांना बाहेर अंगणात उभं केलं. घडवंची हातभर सरकवली. ऊब घडवंचीबरोबर सरकली नाही, जिथे होती तिथेच राहिली, इतकंच की आता ती चंद्राच्या मधोमध आली. ऑफिसात मी अशा प्रकाराला 'कारण सापडत नाही' असा शेरा मारून पुढे जाते. इथे पुढे जायला जागा नव्हती. मला भीती वाटली आणि मी आईला यातलं काहीही सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं, कारण दिवाळी आली.

दिवाळीच्या आदल्या गुरुवारी डॉक्टर नासच्या हॉस्पिटलात तपासणीला गेले होते. मी मीटिंगमध्ये होते. आईने सकाळी आमचे दोन पितळी देव, समई आणि तांब्या घासायला काढले. घासता घासता तिला शेजारच्या देवाची आठवण झाली. तिने महिनोन् महिने खिडकीतून जे पाहिलं होतं त्याचा तिने सरळ अर्थ लावला होता. म्हातारे रोज प्रदक्षिणा घालतात, हाताला शेंदूर असतो, संध्याकाळी दार लावलं तरी शेडच्या खिडकीतून दिसतं, दिवा लावून देवापुढे डोळे किलकिले करून बसतात. आणि तो देव काळाठिक्कर पडलाय. घरात बाई नाही, देव घासणार कोण? शेडला कुलूप नव्हतंच. तिने तो जड गोल देव अंगणातल्या नळाखाली आणला, चिंच आणि मीठ लावलं, आमच्या स्टोव्हमधल्या टर्फच्या राखेने खसाखसा घासला, पदराने कोरडा केला आणि पुन्हा घडवंचीवर नीट बसवला. वर हळदकुंकू. आणि कुंपणावरच्या काटेरी झुडपाचं एक पिवळं फूल.

मी मीटिंग संपवून बाहेर आले तेव्हा डॉक्टरांची गाडी लागलेली होती आणि ते शेडच्या दारात उभे होते. त्यांच्या मागे आई, समाधानाने हात पुसत.

"कासंच हाये ते," ती मला म्हणाली. "मी लगेच वळखलं. पाह्य कसं लखलखून राहिलं."

लखलखत होतं खरंच. तपकिरी डाग, शेवाळ, सगळं गेलं होतं. पांढऱ्याशुभ्र धातूवर राखेचे बारीक ओरखडे आणि वरच्या बाजूला कुंकवाचा ठिपका.  मी आईला घाईघाईने, ओरडतच, सांगितलं की हा देव नाही, आणि हा काय आहे. तिचा चेहरा उतरला.

"मले काय मालूम बापा," ती म्हणाली. "मी त पुण्याचंच काम समजून केलं."

डॉक्टरांनी विचारलं, तुझी आई काय म्हणते? मी सांगितलं. ती याला तुमचा देव समजली. दिवाळीआधी आमच्याकडे देव घासतात.

त्यांनी त्या फुलाकडे पाहिलं. "शुअर," ते हळूच म्हणाले, "तिचं चुकलं कुठे." मग त्यांनी दार ओढून घेतलं, दिवा लावला आणि स्टुलावर बसले. ब्लेड मी बसवून दिलं. आई माझा दंड धरून उभी होती. डॉक्टरांनी डोळा लावला. मी मनातल्या मनात त्या बाईची क्षमा मागत होते, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

"आहे," डॉक्टर म्हणाले. मग मोठ्याने हसले, मांडीवर थाप मारली. "आहे! घासून काढला तरी आहे!"

आणि ते हसता हसता एकदम थांबले. डोळा ब्लेडवरून काढून त्यांनी सरळ समोर, आरशाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथे फरशी होती, भिंत होती. त्यांना काय कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं, आणि घडवंची सरकवल्यावर ऊब जागची का हलली नव्हती तेही.

"म्हणजे ती आरशात नव्हतीच," ते म्हणाले. "ती तिथे उभी आहे. इथे. एवढ्या थंडीत. एप्रिलपासून."

मी आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आईला माणसं जाण्याबद्दल बोलायला भीती वाटत नाही. तिने फक्त विचारलं, "मंग तिले कोणी वाटे लावलंच नाही का?"

हे मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला सँडविच करता येतात का?"

शनिवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारी डॉक्टरांच्या घरी त्यांच्या बायकोचा वेक झाला. आत आम्ही तिघंच. घरातले सगळे आरसे त्यांनी चादरींनी झाकले, न्हाणीघरातलादेखील. दवाखान्यातून आणलेले दाताचे बारके आरसे एका डब्यात होते, तो डबासुद्धा टॉवेलात गुंडाळला. शेडमधल्या आरशावर आईने आपली धुतलेली साडी घातली. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. मग त्यांनी शेडमधली एकुलती एक खिडकी उघडली. माणूस गेलं की खिडकी उघडतात, म्हणजे त्याला निघता येतं. ते निघालं की घरच्या माणसाने आपल्या हाताने खिडकी लावायची, म्हणजे त्याने परत वळू नये. शेजारी गेटबाहेर रस्त्यावर लांब लांब उभे राहिले. आईने कुंपणाच्या भिंतीवर चहाचे कागदी कप, सँडविच आणि फराळाचा चिवडा, चकल्या मांडल्या. एकेक जण पुढे येऊन, डॉक्टरांकडे बघून "सॉरी फॉर युअर ट्रबल" हे इथलं सांत्वनाचं वाक्य म्हणायचा, आपला कप उचलायचा आणि मागे सरकून तिच्याबद्दल एखादी गोष्ट सांगायचा. ती गाडी किती वाईट चालवायची यावर सगळे हसले. डॉक्टर सर्वांत जास्त. एका शेतकऱ्याने चकलीकडे संशयाने बघून विचारलं की हे खायचं की टांगायचं, आणि मग चार खाल्ल्या.

रविवारी सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. खिडकी रात्रभर उघडीच होती, आत बर्फासारखं गार होतं. डॉक्टरांनी आरशावरची साडी काढली, घडी करून आईच्या हातात दिली. दिवा लावला. पण स्टुलावर बसायला ते तयार होईनात. "मला नाही बघवणार," ते म्हणाले. "असली तरी आणि नसली तरी." मी पुढे झाले तर आईने मला मागे सारलं.

"मी पाहातो," ती म्हणाली. "तुह्यं काम नोहे ते."

ती स्टुलावर बसली. एक डोळा मिटून दुसरा ब्लेडच्या कडेला लावायला तिला थोडा वेळ लागला. मग ती स्थिर झाली. 

"आई, काय दिसतं?"

"हाये न," आई म्हणाली. "उभी हाये."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते.  मी नुसती होकाराची मान हलवली, तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

आई ब्लेडवरचा डोळा न काढताच बोलायला लागली, पण माझ्याशी नाही. शेजारणीशी ओट्यावरून बोलावं तशी.

"बाई, तुमचं सारं झालं. लोकं आले होते काल. चहा झाला, आरसे झाकले. तुमच्या गाडीवर लय हसले सारे. आता थंडीत उभ्या नोका राहू. याइच्या जेवनाचं मी पाहातो, मी गेली की पोरगी पाहील. तुम्ही निघा. खिडकी उघडी हाये."

शेडमध्ये दिव्याची वातसुद्धा हलत नव्हती. मग आईने हळूच "हां" म्हटलं, कुणाला जागा करून दिल्यावर म्हणतात तसं, आणि तिचा चेहरा थोडा थोडा खिडकीकडे वळत गेला. खिडकी उघडी होती, हवा त्या बाजूला खेचली जाणारच, हे मला कळतं. मी टेस्टर आहे. आई उठली, स्टूल रिकामं केलं. मी बसले आणि डोळा लावला. करडा चंद्र, राखेचे ओरखडे. बाकी काही नव्हतं.

"गेली," मी डॉक्टरांना सांगितलं. आईने जे सांगितलं तेही त्यांना शब्दाशब्दाने सांगितलं, जेवणाचं आणि गाडीचंही.

ते ऐकत होते. गालावरचं पाणी त्यांनी पुसलं नाही. मग एखाद्या लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण हे सगळं मराठीत. तिला कळलं असेल?"

मी आईला विचारलं.

"नसतं समजलं त थांबली असती न," आई म्हणाली.

मी ते भाषांतर करून सांगितलं. डॉक्टर खिडकीजवळ गेले, बाहेरच्या ओल्या शेतांकडे थोडा वेळ बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी आपल्या हाताने खिडकी लावून घेतली.